आवाज चांगला म्हणजे नेमका कसा: घरी पारखायची आणि शब्दांत मांडायची रीत

‘हा स्पीकर एकदम क्लिअर आहे’, ‘त्याचा बेस भारी आहे’ अशी वाक्यं दुकानात आणि रिव्ह्यूंमध्ये सारखी भेटतात. त्यांवरून दुसऱ्याला काहीच पडताळता येत नाही. क्लिअर म्हणजे तबल्याची चाट वेगळी ऐकू आली, की नुसता आवाज मोठा होता? बेस भारी म्हणजे डग्ग्याची मींड सुरासकट कळली, की खोलीच घुमत होती? वर्णन वाचून दुसऱ्या माणसाला तीच जागा वाजवता आली आणि तीच गोष्ट ऐकू आली, तरच ते वर्णन कामाचं. त्यासाठी कान थोडा तयार करावा लागतो, तुलना नीट मांडावी लागते आणि प्रत्येक शब्द एखाद्या ऐकू येणाऱ्या जागेला बांधावा लागतो.

लागणारी साधनं मोजकी आहेत: संगणक, त्यावर ऑडॅसिटी आणि फूबार२००० हे दोन मोफत प्रोग्रॅम, फोनवर आवाजाची पातळी दाखवणारं एखादं अ‍ॅप, मोजपट्टी आणि वही. अ‍ॅम्प्लिफायरची तुलना करायची असेल तर साधा मल्टिमीटरही लागेल.

आधी पातळी जुळवा, मग मत द्या

घरगुती तुलनांमध्ये सर्वाधिक निकाल चुकतात ते इथे. आपला कान सगळ्या कंप्रतांना (सेकंदाला किती कंपनं होतात ते; हर्ट्झमध्ये मोजतात) सारखी दाद देत नाही. ३००० ते ४००० हर्ट्झच्या आसपास तो सर्वांत तीक्ष्ण असतो आणि खर्जाकडे बराच बोथट होत जातो. हा फरक आवाज किती मोठा आहे त्यावरही अवलंबून असतो. बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधनसंस्थेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये याचे आलेख प्रसिद्ध केले. आज त्याच कामाची सुधारलेली आवृत्ती ‘आयएसओ २२६’ या मानकात आहे. व्यवहारात याचा अर्थ असा, की आवाज हळू केला की खर्ज सर्वांत आधी नाहीसा होतो आणि वाढवला की तो झपाट्याने परत येतो.

त्यामुळे दोन स्पीकरांपैकी एक १ डेसिबलने मोठा वाजत असेल, तर ऐकणाऱ्याला बहुधा ‘हा मोठा आहे’ असं जाणवतच नाही. त्याला तो जास्त भरदार, जास्त स्पष्ट, जास्त जिवंत वाटतो. पातळी न जुळवता केलेली तुलना वहीत लिहूच नये, इतकी ही बाब निर्णायक आहे.

स्पीकरसाठी असं करा. ऑडॅसिटीत ‘जनरेट’मधून ‘नॉइज’ निवडा, प्रकार ‘पिंक’, अ‍ॅम्प्लिट्यूड ०.१, कालावधी ६० सेकंद. व्हाइट नॉइज घेऊ नका. पिंक नॉइजमध्ये प्रत्येक सप्तकाला सारखी ऊर्जा मिळते, म्हणून तो संगीताच्या बराच जवळ जातो. व्हाइट नॉइज वरच्या सप्तकांकडे झुकलेला असतो. ऐकायला बसल्यावर डोकं जिथे येतं तिथे फोन स्टँडवर ठेवा, अ‍ॅपमध्ये ‘सी’ वेटिंग आणि ‘स्लो’ निवडा. एकेक स्पीकर वाजवून पातळी ७२ ते ७५ डेसिबलवर आणा आणि दोघांतला फरक ०.५ डेसिबलच्या आत ठेवा. फोनचा माइक खरी पातळी अचूक सांगेलच असं नाही, पण इथे हवा आहे तो दोन आकड्यांमधला फरक, आणि तो त्याला जमतो. अट एकच: दोन मोजण्यांच्या मध्ये फोन जागचा हलवायचा नाही.

अ‍ॅम्प्लिफायर किंवा डॅक (डिजिटल फाइलीचं विद्युत-संकेतात रूपांतर करणारं यंत्र) असेल तर माइकपेक्षा मल्टिमीटर बरा. ऑडॅसिटीत ४०० हर्ट्झचा साइन टोन तयार करा (स्वस्त मीटर याच्या बरेच वर भरवशाचे राहत नाहीत), मीटर एसी व्होल्टवर ठेवा आणि स्पीकरच्या दोन टर्मिनलवर मोजा. पहिल्यावर २.०० व्होल्ट आले तर दुसऱ्यावर १.९८ ते २.०२ च्या मध्ये आणा. एक टक्क्याचा फरक म्हणजे साधारण ०.१ डेसिबल. मीटरच्या टोकांनी टर्मिनल एकमेकांना टेकली तर अ‍ॅम्प्लिफायर जळू शकतो, म्हणून मगर-चिमटे वापरा आणि ते लावताना-काढताना अ‍ॅम्प्लिफायर बंद ठेवा.

दोन फाइलींची तुलना असेल तर दोन्ही ऑडॅसिटीच्या ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’मधून उणे २० एलयूएफएसवर (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायचं एकक) आणा. हेडफोनचं काम जरा कष्टाचं आहे, कारण फोनचा माइक तिथे उपयोगी पडत नाही. पिंक नॉइजमधला फक्त ५०० ते २००० हर्ट्झचा पट्टा ठेवा, दोन्ही हेडफोन आलटून पालटून लावा आणि आवाज सारखा वाटेपर्यंत फिरवत राहा. तीनदा करून मधली खूण धरा. पट्टा मुद्दाम मर्यादित ठेवायचा, कारण पूर्ण नॉइज घेतला तर खर्ज जास्त असलेला हेडफोन ‘मोठा’ वाटून तुम्ही तो नकळत खाली आणाल.

खोली, खुर्ची आणि कान

दहा बाय बाराची खोली, वर साडेनऊ फुटांवर स्लॅब, खाली टाइल्स. आपल्याकडच्या कितीतरी फ्लॅटमध्ये ऐकण्याची जागा हीच असते. दोन समांतर भिंतींमध्ये ध्वनी अडकून ज्या कंप्रतेला पहिल्यांदा घुमतो, ती काढायला ३४३ ला अंतराच्या दुपटीने भागायचं (अंतर मीटरमध्ये). दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर, म्हणून ५६ हर्ट्झ. बारा फुटांना ४७ आणि उंचीला ५९. तिन्ही आकडे जवळजवळ आले, म्हणून ४५ ते ६० हर्ट्झचा पट्टा या खोलीत कुठे फुगतो आणि कुठे पार गायब होतो. खोलीच्या बरोबर मध्यावर बसलात तर हे पहिले घुमारे जवळपास ऐकूच येत नाहीत. पाठ भिंतीला टेकवून बसलात तर ते सर्वांत जोरात येतात. सोफा बहुतेक घरांत भिंतीलाच लागलेला असतो, आणि ‘या स्पीकरचा बेस सुटा नाही’ अशा कित्येक तक्रारींचं मूळ त्या सोफ्याच्या जागेत असतं.

तुलनेपुरती खुर्ची मागच्या भिंतीपासून निदान तीन-साडेतीन फूट पुढे घ्या. स्पीकर कोपऱ्यात घालू नका आणि दोन्ही स्पीकर अगदी एकाच जागी ठेवून ऐका: पहिला काढायचा, त्याच खुणेवर दुसरा ठेवायचा. शेजारी-शेजारी ठेवून ऐकलं तर ती दोन जागांची तुलना होते. ट्वीटर (वरच्या कंप्रता देणारा, खोक्यातला छोटा स्पीकर) कानाच्या उंचीला आणा. स्पीकर टेबलावर असेल तर पृष्ठभागावरून परतलेला आवाज थेट आवाजात मिसळतो. परतलेला मार्ग ३४ सेंटिमीटरने लांब असेल तर तो १ मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि ५०० हर्ट्झला खड्डा पाडतो. स्पीकर टेबलाच्या पुढच्या कडेशी आणून किंचित वर रोखला की हे कमी होतं.

मोकळ्या भिंतींमध्ये टाळी वाजवून पाहा. पाठोपाठ झणझण ऐकू आली तर बाजूच्या भिंतीवर जाड गोधडी टांगा, जमिनीवर सतरंजी अंथरा. यांचा उपयोग वरच्या कंप्रतांपुरताच. ५० हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळपास सात मीटर असते, तिला पडदे आणि गोधड्या अडवू शकत नाहीत.

वायरी तपासा. मोनो पिंक नॉइज दोन्ही स्पीकरांतून वाजवला की तो मधोमध एका बिंदूतून आल्यासारखा वाटला पाहिजे. तो डोक्याभोवती पसरलेला, जागा न सांगता येणारा वाटला आणि खर्जही पातळ झाला, तर एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी लागली आहे. ही चूक फार सर्रास होते, आणि ऐकणारे तिला ‘मोठं साउंडस्टेज’ म्हणतात.

हेडफोनमध्ये खोलीची जागा कानावरची बैठक घेते. इअरबडची रबरी टोपी कानात नीट बसली नाही तर खर्ज गळून जातो. ४० हर्ट्झचा टोन हळू वाजवा आणि बड बोटाने हलकेच दाबा. दाबल्यावर आवाज एकदम वाढला तर टोपीचा आकार चुकला आहे. चष्म्याच्या काड्याही कानावरच्या गादीखाली फट ठेवतात. चष्मा काढून एकदा पाहावं.

पंखा बंद करा. त्याच्या घोंघाटात तानपुऱ्याची आस आणि रेकॉर्डिंगमधली विरत जाणारी गुंज पहिल्यांदा बुडतात. विसर्जन मिरवणुकीत ढोल-ताशाजवळ काही तास काढले असतील तर त्या दिवशी पारख करू नका. कान तात्पुरता बधिर झालेला असतो आणि आधी वरचे बारकावे जातात. वयाचीही नोंद हवी. पन्नाशीनंतर अनेकांना १२,००० हर्ट्झच्या वरचं फारसं ऐकू येत नाही. म्हणून पारख थांबवायची गरज नाही, कारण आवाजाचा पोत ठरवणारं बहुतेक सगळं त्याच्या खाली असतं. मात्र ‘हवा’, ‘झळाळी’ यांबद्दल अशा कानाने निवाडा देऊ नये.

पट्टा ओळखायला शिका

हा भाग सर्वांत कष्टाचा आणि सर्वांत फळ देणारा. एखादी गोष्ट कर्कश वाटली, तर ती नेमकी कुठल्या पट्ट्यात आहे हे कानाला ओळखता यायला हवं. हरमन कंपनीने श्रोत्यांना तयार करण्यासाठी ‘हाऊ टू लिसन’ हा प्रोग्रॅम याच तत्त्वावर बांधला: आवाजाचा एक पट्टा वाढवायचा किंवा कमी करायचा आणि श्रोत्याने तो ओळखायचा. ऑडॅसिटीच्या ‘ग्राफिक इक्यू’वर हे घरी करता येतं.

ओळखीची रेकॉर्डिंग घ्या, तीस सेकंदांचा तुकडा कापा आणि त्याच्या आठ प्रती करा. प्रत्येक प्रतीत एकच पट्टा १२ डेसिबलने वर घ्या (आधी सगळा तुकडा १२ डेसिबलने खाली आणा, नाहीतर आवाज फाटेल), मग सर्व प्रतींची लाउडनेस सारखी करा. पहिले काही दिवस मूळ आणि वाढवलेली प्रत नाव पाहून ऐका. मग दुसऱ्या कोणाला तरी वाजवायला सांगून ओळखा. दहापैकी नऊ वेळा बरोबर यायला लागलं की फरक ६ डेसिबलवर आणा, नंतर ३ वर. एका बैठकीला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. त्यापुढे कान थकतो आणि उत्तरं ठोकताळ्याने येऊ लागतात.

पट्ट्यांना जोडायचे शब्द आपल्याकडे संगीतात आणि रोजच्या बोलण्यात आधीपासून आहेत. तेच वापरावेत.

२० ते ६० हर्ट्झ कानापेक्षा छातीत जास्त कळतं. ‘हादरा’, ‘थरथर’ हे इथले शब्द. फोन, लॅपटॉप आणि छोटे ब्लूटूथ स्पीकर हा पट्टा जवळपास देतच नाहीत.

६० ते १२० मध्ये डग्ग्याचा आणि पखवाजाच्या कणीक लावलेल्या बाजूचा ‘घुमारा’ असतो. नेमका असला की घुमाऱ्याला सूर असतो, डग्ग्यावर मनगट सरकवलं की तो सूर चढताना कळतो. जास्त झाला की सगळ्या थापा एकाच सुरात ‘घूं घूं’ करतात. बेसबद्दल लिहिताना ‘किती आहे’ आणि ‘सूर कळतो का’ या दोन वेगळ्या नोंदी ठेवाव्यात. पहिलीवरून दुसरी कधीच ठरत नाही.

१२० ते ३०० हे ‘गोलाई’ आणि ‘भरदारपणा’ यांचं घर. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झला येतो, काळी चारमध्ये गाणाऱ्या स्त्रीचा सुमारे २०८ ला. हा पट्टा कमी पडला की गळा ‘पातळ’, ‘हडकुळा’ होतो. जास्त झाला की आवाज ‘गढूळ’ होतो, शब्दांवर साय धरल्यासारखी वाटते.

३०० ते ८०० वाढलं की आवाज ‘डब्यातून’ येतो. स्वस्त प्लॅस्टिकच्या खोक्यातल्या स्पीकरांचा हा हमखास दोष, कारण खोकंच तिथे वाजत असतं. ८०० ते १५०० वाढलं की ‘नाकातला’, भोंग्यासारखा. सभेच्या कर्ण्याचा आवाज आठवा. त्यात या पट्ट्याच्या खाली फार काही नसतंच.

२००० ते ४००० वर सगळ्यांत जास्त लक्ष द्या, कारण कानही इथेच सगळ्यांत जास्त देतो. शब्द कळणं, गळा वाद्यांच्या पुढे येणं, तबल्याच्या चाटेवरचा ‘ना’ ‘खणखणीत’ होणं, सगळं इथे घडतं. कमी झाला की गायक मागे सरकतो, आवाज ‘दबका’ होतो. दोन-तीन डेसिबल जास्त झाला की पहिली पाच मिनिटं फार आवडतं. लोक त्यालाच ‘डिटेल’ म्हणतात. अर्ध्या तासाने तोच आवाज ‘टोचरा’ होतो आणि माणूस नकळत आवाज कमी करतो. म्हणून दुकानातल्या पाच मिनिटांच्या ऐकण्यावर खरेदी करू नये.

५००० ते ८००० मध्ये स, श, छ यांचा सिसकारा आणि टाळांची धार. १०,००० च्या वर ‘हवा’ आणि ‘झळाळी’: घुंगरांभोवतीचा मोकळेपणा, पोलादी तारांवरचं अगदी वरचं तेज.

एक सावधगिरी. फोनवर तानपुरा लावला तरी खर्जाचा षड्ज कळतो, म्हणून फोन खर्ज देतो असं समजू नका. काळी एकच्या तानपुऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झची. मूळ कंप्रता गायब असली तरी तिच्या पटीतल्या कंप्रता हजर असतील तर मेंदू तो सूर स्वतः भरून काढतो. जवारीमुळे (घोडीवर, म्हणजे तार जिच्यावर टेकते त्या पट्टीवर, तार हलकेच घासून उठणाऱ्या झणकेमुळे) तानपुऱ्यात या वरच्या पटी इतक्या श्रीमंत असतात की मूळ सूर नसला तरी चालून जातं. १९२१ मध्ये सी. व्ही. रामन यांनी भारतीय तंतुवाद्यांच्या अभ्यासात घोडीच्या या गुणाकडेच लक्ष वेधलं होतं. तेव्हा खर्जाची चाचणी डग्गा, पखवाज किंवा बेस गिटारवर करा. तानपुरा जवारीची पारख करायला ठेवा: तारेतून निघणारी स्वरांची साखळी सलग खाली उतरत जाते, की मध्येच एखादा स्वर उसळतो? उसळत असेल तर त्या कंप्रतेला स्पीकर किंवा खोली स्वतः वाजते आहे.

काय वाजवायचं

पाच-सहा तुकडे पुरेत, प्रत्येक दहा ते वीस सेकंदांचा. प्रत्येकाचं काम वेगळं असावं.

पिंक नॉइज यादीत राहू द्या. संगीत नसलं तरी स्पीकरमधला स्वतःचा रंग तो पटकन उघडा पाडतो: फुगलेला पट्टा नॉइजमध्ये चक्क एखाद्या सुरासारखा ऐकू येतो. त्यानंतर दाट वाद्यमेळ घ्या, ज्यात खर्जापासून झांजेपर्यंत सगळं एकदम चालू आहे. अनेकांना वाटतं की एकटी बासरी किंवा एकटा गळा ही खरी कसोटी. ऐकायला ती सुंदर, पण तिच्यात मोजक्याच कंप्रता असतात, म्हणून स्पीकरांमधले फरक त्यात लपून राहतात. दाट, पूर्ण पट्ट्याच्या आवाजात ते जास्त दिसतात.

माणसाच्या साध्या बोलण्याचा एक तुकडा हवाच. मराठी त्यासाठी फार सोयीची भाषा आहे: ‘चमचा’ आणि ‘चार’ यांतले दोन च, ‘क’ आणि ‘ख’ मधला श्वासाचा फरक, ‘सासू’ आणि ‘शाल’ मधले दोन सिसकारे. खोली फार घुमत असेल तर महाप्राणांचा श्वास आधी पुसला जातो. वरचा पट्टा कापला गेला असेल तर स आणि श जवळ येतात. ३०० ते ३४०० हर्ट्झपुरत्या जुन्या टेलिफोन वाहिनीवर हेच होत असे.

क्षणाचा आघात तपासायला टाळ-चिपळ्यांचा भजनाचा तुकडा आणि तबल्यावरचा जलद तिरकिट. तिरकिटातला प्रत्येक बोल ‘दाणेदार’ सुटा पडतो का, की बोल एकमेकांना चिकटतात? लांब धरलेल्या सुरासाठी पेटी: तिचा सूर खडबडीत किंवा फाटका झाला तर विरूपण (डिस्टॉर्शन) आहे.

रेकॉर्डिंगचा दोष स्पीकरच्या माथी मारू नका. नाट्यसंगीताच्या जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या अनमोल आहेत, पण १९२० च्या दशकाच्या मध्यापर्यंत कर्ण्यात गाऊन केलेल्या ध्वनिमुद्रणात फार खालचा आणि फार वरचा पट्टा मुळातच नाही. त्यांवर स्पीकर पारखला तर अरुंद, मधला पट्टा फुगवणारा स्पीकरच ‘गोड’ ठरण्याचा धोका असतो.

तुलना: झटपट अदलाबदल आणि झाकलेली नावं

आवाजाच्या पोताची बारीक आठवण काही सेकंदच टिकते. काल ऐकलेला हेडफोन आणि आज ऐकलेला हेडफोन यांत ‘किंचित जास्त मोकळा’ असा निवाडा करणं व्यर्थ आहे. एकच छोटी जागा निवडा, पहिल्यावर ऐका, लगेच दुसऱ्यावर ऐका. पूर्ण गाणं ऐकायचं ते थकवा तपासायला, बारकाव्यांसाठी नाही.

नावं झाकणं हा संशयखोरपणा नाही. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी १९९४ मध्ये दाखवलं, की स्पीकर समोर दिसत असताना आणि पडद्याआड असताना तेच श्रोते वेगळे गुण देतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, स्पीकर दिसत असताना स्पीकरची जागा बदलल्याने खरोखर पडलेले फरकही त्यांना कमी जाणवले. डोळ्यांमुळे खोटे फरक वाढतात, तसे खरे फरक झाकलेही जातात. घरी एक पातळ सुती चादर दोरीवर टांगली की पुरे. मदतनीसाने प्रत्येक वेळी नाणं उडवून क्रम ठरवावा आणि स्वतःही चादरीमागेच राहावं, कारण त्याच्या चेहऱ्यावरून उत्तर कळतं.

फाइलींसाठी फूबार२०००चं एबीएक्स कंपॅरेटर वापरा. त्यात ‘अ’ आणि ‘ब’ ओळखीचे असतात, ‘एक्स’ त्यांपैकीच एक, आणि तो कुठला हे तुम्ही ओळखायचं. प्रयत्नांची संख्या आधी ठरवा, १६ चांगली. १६ पैकी १२ किंवा अधिक बरोबर नुसत्या अंदाजाने येण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी असते. १० प्रयत्न केले तर ९ हवेत; ८ ला ती शक्यता साडेपाच टक्के उरते, म्हणजे निकाल कच्चा. निकाल मनासारखा येईपर्यंत प्रयत्न वाढवत नेले तर हा सगळा हिशेब मोडतो.

एमपी३ आणि मूळ फाइल यांची चाचणी घेताना तीन गोष्टी बिघडतात. एमपी३ बनवताना सुरुवातीला हजारएक नमुन्यांची (नमुना म्हणजे डिजिटल आवाजाची एक मोजणी) शांतता जोडली जाते. ती न काढता ऑडॅसिटीत शेजारी ठेवलं तर अदलाबदलीत आवाज उडी मारतो आणि कान त्या उडीवरून ओळखतो. दुसरं, मूळ फाइल कमाल पातळीला टेकलेली असेल तर एमपी३ उलगडताना शिखरं वर जाऊन कापली जातात, म्हणून आधी ३ डेसिबल खाली आणा. तिसरं, चुकीचा तुकडा. गुळगुळीत आलापात १२८ केबीपीएसचा एमपी३ ओळखणं फार अवघड जातं, टाळांवर ते पुष्कळ सोपं. एमपी३ची एक फ्रेम (एका वेळी हाताळायचा तुकडा) ११५२ नमुन्यांची, म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या दराला सुमारे २६ मिलिसेकंदांची. आघात मध्येच आला की त्याची खरखर त्या तुकड्यात मागे-पुढे पसरते आणि टाळाच्या आधीच एक पुसट ‘छ्’ ऐकू येतं. युरोपीय प्रसारण संघाने १९८८ मध्ये काढलेल्या चाचणी-तबकडीत कॅस्टनेट होते ते याच प्रकारच्या आघातांसाठी. आपलं काम टाळ त्याहून कमी करत नाहीत.

वहीत काय लिहायचं

प्रत्येक नोंदीला चार अंगं असावीत: कुठला तुकडा आणि कितव्या सेकंदाला, कुठलं वाद्य किंवा अक्षर, काय बदललं, किती बदललं. आवड-नावड वेगळ्या रकान्यात, आणि ती शेवटी. आधी आवड लिहिली की पुढचे सगळे शब्द तिच्या बाजूने झुकतात.

‘ब जास्त वॉर्म आणि म्युझिकल वाटतो’ ही नोंद खोडा. तिच्या जागी असं लिहा: ‘तुकडा ३, ०:०७. पुरुष गळा ‘ब’ वर जास्त भरदार, पण मंद्रात उतरताना एकच सूर उसळतो. ‘ब’ वर स चा सिसकारा कमी, चाट मागे. फरक स्पष्ट.’ ही नोंद वाचणाऱ्याला सातव्या सेकंदाला काय शोधायचं ते कळतं, आणि बिघाड १२० ते ३०० च्या पट्ट्यात असावा हेही.

‘किती’साठी आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या बीएस.१११६ शिफारशीतली पाच पायऱ्यांची मोजणी सोयीची आहे. मूळ आवाजाच्या तुलनेत: ५ म्हणजे बिघाड जाणवत नाही, ४ जाणवतो पण त्रास देत नाही, ३ किंचित त्रास देतो, २ त्रास देतो, १ फार त्रास देतो. ही मोजणी फाइली आणि कोडेकसाठी (एमपी३सारख्या, फाइल आकुंचित करणाऱ्या पद्धतींसाठी), कारण तिथे खरं मूळ उपलब्ध असतं. स्पीकरांच्या तुलनेत असं मूळ हाती नसतं, म्हणून तिथे दोघांतला फरकच लिहा: नाही, पुसट, स्पष्ट, ढळढळीत.

तीन-चार कोडेक एकदम तोलायचे असतील तर मुश्रा पद्धत घ्या. शून्य ते शंभर गुण, यादीत मूळ आवाज नाव झाकून घातलेला, आणि सोबत मुद्दाम ३५०० हर्ट्झच्या वरचं सगळं कापलेली एक प्रत. ही कापलेली प्रत तळाची खुंटी असते. ती नसेल तर एक श्रोता बारीक दोषाला ८५ देतो आणि दुसरा त्याच दोषाला ३०. आणि ज्या श्रोत्याने झाकलेल्या मूळ आवाजालाच वारंवार ९० च्या खाली गुण दिले, त्याची त्या बैठकीची पानं बाजूला ठेवा.

पोताखेरीज जागेचीही नोंद करा: गळा मधोमध आहे का, तबला आणि पेटी बोट दाखवता येईल इतक्या वेगळ्या जागी आहेत का, सभागृहाची गुंज गळ्यामागे राहते की त्यावर चढते. हेडफोनवर ही चित्रं डोक्याच्या आतच बनतात. त्यांची स्पीकरशी तुलना करू नये. मग पार्श्वभूमी: वाजवणं थांबवून, आवाजाची खुंटी त्याच जागी ठेवून ऐका. हलकी खरखर अ‍ॅम्प्लिफायरची असते. ५० किंवा १०० हर्ट्झची ‘हूं’ बहुधा अर्थिंगच्या वळशातून येते. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर ती थांबली तर कारण सापडलं.

दोघांनी मिळून पारख करायची असेल तर वह्या वेगळ्या ठेवा आणि सगळे तुकडे संपेपर्यंत बोलू नका. पहिल्याने ‘जरा टोचतंय ना?’ म्हटलं की दुसऱ्याला टोचायलाच लागतं. शेवटी वह्या शेजारी ठेवून फक्त जिथे दोघांचे शब्द वेगळे पडले त्या जागा पुन्हा वाजवा. एकाने ‘पातळ’ आणि दुसऱ्याने ‘कर्कश’ लिहिलं असेल तर बहुतेकदा दोघांनी एकच झुकाव दोन टोकांनी ऐकलेला असतो. इक्यूवर २०० हर्ट्झचा पट्टा ३ डेसिबलने वर घेऊन पाहा, मग तो परत आणून ३००० चा ३ डेसिबलने खाली घ्या. ज्या बदलाने दोघांची तक्रार मिटते, त्या पट्ट्याचा शब्द नोंदीत ठेवा आणि दुसरा खोडा.